दहा हजार पिक्सेल डावीकडे

ब्राउझरला पूर्ण लपवलेल्या गोष्टीचं माप विचारलं, तर तो शून्य सांगतो. धाकटीला हे कामाला बसल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं आणि तिला त्याचं काही नवल वाटलं नाही. सासरी येऊन तिला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

कामाची खोली एकच, जिन्याखाली, रस्त्याला लागून. चाळीस वर्षं तिथे सासऱ्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फरशीच्या सांध्यांत लाल-निळे थेंब अजून होते, आणि दारामागच्या खिळ्याला खडू माखलेली सुतळी लटकत होती, अक्षरांची ओळ आखायची. पुढे पाट्या गेल्या, वेबसाइटी आल्या. ब्रश गेले, कीबोर्ड आले. काम तेच राहिलं. परक्याचे शब्द घ्यायचे आणि ठरल्या जागेत असे बसवायचे की शेवटच्या अक्षराला अंग चोरून उभं राहावं लागू नये. मग सासऱ्यांचे डोळे गेले. काचबिंदू. कडेकडून आत येत येत अंधार मधोमध मिळाला, आणि खोली दोन सुनांच्या हाती आली.

थोरली बारा वर्षं त्या खोलीत बसलेली. धाकटीनं काम तिच्याकडे बघून उचललं, तिला विचारून नव्हे. विचारणं म्हणजे हार, हे दोघींनीही न बोलता मान्य केलं होतं. त्यांच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. एकीनं खुर्ची मागे सरकवली की दुसरीच्या खुर्चीला धक्का बसायचा, आणि दिवसातून तीस वेळा दोघींना खुर्ची मागे सरकवायचं काही ना काही निमित्त मिळायचं.

थोरला दीर कामं आणायला बाहेर हिंडायचा. चहाला आला की त्याचं टपाल व्हायचं. थोरली त्याला म्हणायची, तिला सांगा, पंखा एकवर ठेव, माझे कागद उडतात. धाकटी म्हणायची, भाऊजी, त्यांना सांगा, वजनदार काही लिहिलं तर उडणार नाहीत. दोघींच्या मध्ये हातभर जागा होती. दीर उकळता चहा तसाच ढोसून निघून जायचा. त्याची जीभ कायम पोळलेली असे.

एका टेबलाला मात्र कुणी बसत नव्हतं. खिडकीजवळचं, सासऱ्यांचं, उंच स्टुलाचं. तिथे जो बसेल त्यानं शेवटचा शब्द बोलायचा, हे पान गेलं आणि हे राहिलं, अशी त्या खोलीची रीत. दोन वर्षं ते रिकामं होतं. दोघी त्याची धूळ रोज पुसायच्या, एकीमागून दुसरी. पहिलीनं पुसलेलं पुरेसं नव्हतं, एवढं दाखवायला.

भांडण पेटलं ते दवाखान्याच्या पानावरून.

दवाखान्याला असं पान हवं होतं की रुग्णानं फोनवर उघडलं की त्याला त्याची औषधं दिसतील आणि प्रत्येकापुढे सूचना. सूचना डॉक्टर लिहिणार. कुणी लिहिणार ‘सकाळी एक’, कुणी अर्धं पुराण. पान बनवताना हे शब्द हातात नसतात. ते ऐन वेळी बाहेरून येतात, पाहुण्यासारखे, आणि किती जण आहेत ते कळवत नाहीत. चौकट मात्र त्यांच्यासाठी आधी मांडून ठेवावी लागते.

थोरलीचं म्हणणं, चौकट दोन ओळींची. पाहुणे जास्त आले तर दारात थांबतील. जागा संपली की तीन टिंबं, आणि टिंबांवर बोट ठेवलं की बाकीचं उघडेल. बारा वर्षं तिनं असंच केलं होतं, एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती.

धाकटीचं म्हणणं, आलेला प्रत्येक शब्द मोजायचा. त्यासाठी तिची एक युक्ती होती. प्रत्येक चौकटीला ती एक जुळी चौकट करायची, तिला ती सावली म्हणायची. सूचना आली की आधी सावलीत ओतायची, सावली किती लांब, किती उंच झाली ते मोजायचं, आणि मग खरी चौकट तेवढी करून लोकांसमोर आणायची. सावली लोकांना दिसता कामा नये. पण पूर्ण लपवली तर माप शून्य येतं. मोजायचं असेल तर असावं लागतं. म्हणून धाकटी सावल्यांना स्क्रीनच्या बाहेर ठेवायची, डाव्या कडेपासून दहा हजार पिक्सेल दूर. असतील, जागा व्यापतील, कुणाच्या नजरेला पडणार नाहीत. तिला त्या आवडायच्या. कधी कधी वाटे, या घरात आपण जिथे राहतो तो पत्ता हाच.

तीन दिवस दोघी एकमेकींच्या फाइली दुरुस्त करत राहिल्या. सकाळी एकीनं केलेलं दुपारी दुसरी पुसायची. चौथ्या दिवशी मागच्या खोलीतून भिंत चाचपत सासरे आले आणि दारातच उभे राहिले. ते म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी मी आजवर ऐकल्या होत्या, आता त्यांचा खणखणाटही ऐकतोय. दोघी आपापलं पान करा. महिन्यानं दवाखान्याची बाई येईल. ज्या पानाला ती हो म्हणेल त्या सुनेनं खिडकीत बसायचं. दुसरीनं तिचं ऐकायचं, नाहीतर खोली सोडायची.

खोली सोडायची म्हणजे कुठे जायचं, ते धाकटीला पाठ होतं. नवरा दूर धरणाच्या कामावर. पत्र्याची एक खोली, दारात सिमेंटची पूड, दुपारी भांड्यालाही हात लागू नये असा ताप. चार महिने ती तिथे राहून आली होती. तिथे तिला एकच काम होतं, वाट बघणं, आणि ते काम तिला जमत नव्हतं. इथे या खोलीत शत्रू होता, पण मोजायला काही तरी होतं. आणि थोरलीचं ऐकून राहणं? त्यापेक्षा सिमेंट बरं.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या पानावरची सगळी वाक्यं अचानक चौकटीबाहेर सांडली.

सकाळी नीट होतं. दुपारी बघते तर ‘जेवणानंतर’मधला ‘तर’ कुंपणाबाहेर, काना-मात्रांची डोकी छाटलेली. तिनं तासभर आपलीच चूक शोधली. मग कळलं, दोन्ही पानांना सामाईक असलेला फॉन्ट थोरलीनं बदलला होता. नवा फॉन्ट अंगानं भरलेला, आणि तो दुरून यायचा. तो येईपर्यंत ब्राउझर जवळचा कुठला तरी किडकिडीत फॉन्ट वापरायचा. धाकटीच्या सावल्या त्या किडकिड्याला मोजायच्या, आणि मग त्या मापाच्या कपड्यात हा धष्टपुष्ट येऊन शिरायचा.

चहाला दीर आला तेव्हा थोरलीनं त्याच्याकडे बघत सांगितलं की दवाखान्याला अक्षर ठसठशीत हवं होतं म्हणून बदललं. आता कुणाची मापं इतकी नाजूक असतील तर तिनं कापडाचं दुकान काढावं. दीर कपबशीत बघत राहिला.

 धाकटी टेबलाशी वळली आणि तिला उपाय सुचला. चांगला होता, रागात सुचलेले उपाय बहुधा चांगले असतात. एक ठरावीक ओळ पानाच्या तळाशी, डावीकडे दहा हजारावर, कायमची ठेवून द्यायची. ती ओळ किडकिड्या फॉन्टमध्ये किती रुंद, हे आधी मोजून घ्यायचं. मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा मोजत राहायचं. रुंदी बदलली की समजायचं, खरा फॉन्ट आला. तोवर बाकी काही मोजायचं नाही. दारात कुणाला तरी बसवून ठेवावं तसं, आला का गं, आला का, विचारायला.

ओळ कुठली ठेवायची? काहीही चालणार होतं. तिनं आधी ‘अ’ वीस वेळा लिहिला. मग पाठीमागून खुर्चीचा धक्का बसला, आणि तिनं ‘अ’ पुसून लिहिलं: थोरली बोले, दूध नासे.

बरं वाटलं. पण मापाला ओळ लांब हवी. तिची बोटं आपसूक चालू लागली. तिच्या आईला येता-जाता ओव्या रचायची सवय होती, कपडे वाळत घालतानासुद्धा. लेकीला वाटे की आपल्यात त्यातलं काही आलं नाही. आलं होतं, निमित्ताला थांबलं होतं.

थोरलीच्या गं मनाला, दार नाही, खिडकी नाही,
आत कोंडला अंधार, त्याला बाहेर वाट नाही.

दुसऱ्या दिवशी ही पुसून नवी. तिसऱ्या दिवशी आणखी एक. दिवसभर जे गिळायचं ते संध्याकाळी निघताना तिथे थुंकून जायचं. कुणाला दिसणार होतं? थोरली तिचं पान उघडून बघायची, हे तिला माहीत होतं. पण बघणारीला स्क्रीन दिसते, स्क्रीनच्या डावीकडचं जग दिसत नाही. शेवटी एक ओळ तिला इतकी आवडली की ती तिनं पुसलीच नाही. खऱ्या फॉन्टमध्ये तिची रुंदी सहाशे बारा पिक्सेल भरली. मग नुसता बदल न बघता, सहाशे बारा भरले की फॉन्ट आला, असंच धाकटीनं पानात लिहून ठेवलं, आणि तो आकडा तिला देवाच्या नावासारखा पाठ झाला.

एवढ्यात थोरलीच्या पानातलं एक भोकही तिला सापडलं होतं. डॉक्टर इशारा नेहमी वाक्याच्या टोकाला लिहितात. ‘रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ही गोळी…’ इथे थोरलीच्या दोन ओळी संपायच्या. ‘मुळीच घेऊ नका’ टिंबांमागे. धाकटीनं ते दोनदा वाचून खात्री केली आणि पान बंद केलं. सांगायचं तिच्या मनात आलंच नाही असं नव्हे. आलं होतं. तिनं त्याला बसायला सांगितलं नाही.

मागच्या खोलीत सासरे दुपारभर कानात यंत्राचा बोळा घालून पडलेले असत. त्यांच्या फोनमधली बाई त्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवायची. ते सगळं लावून द्यायचं काम थोरलीचं. धाकटीला वाटे, बातम्या ऐकत असतील.

महिन्यानं दवाखान्यातली औषधं देणारी बाई आली. रुंद, ठेंगणी, कानामागे पेन. बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, दिवसभर बसूनच असते मी. तिनं आपल्याच फोनवर थोरलीचं पान उघडलं आणि दवाखान्यातल्या खऱ्या सूचना त्यात सोडल्या.

“ही तीन टिंबं कसली?”

“बोट ठेवलं की उघडतं,” थोरली म्हणाली.

“कुणाचं बोट?”

थोरलीला प्रश्न कळला नाही.

“माझ्या खिडकीशी येणाऱ्या म्हातारीला टिंब म्हणजे वाक्य संपलं एवढं ठाऊक आहे. तिला कोण सांगणार, इथे दार आहे म्हणून?” आणि तिनं रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं वाक्य मोठ्यानं वाचलं, जिथवर दिसत होतं तिथवर. ‘ही गोळी’पाशी थांबली आणि थोरलीकडे बघत राहिली. दिरानं चहा खाली ठेवला, न पिता.

मग धाकटीचं पान. औषधवालीनं सगळ्यात लांब सूचना घातली, बसली. फोन आडवा केला, बसली. अक्षरं दुप्पट मोठी केली. चौकटी भाकरीच्या पिठासारख्या शांतपणे पसरल्या, एक काना दुखावला नाही. औषधवाली “हं” म्हणाली. त्या एका ‘हं’वर पाय देऊन धाकटी मनातल्या मनात स्टुलावर चढली, खिडकीबाहेरचा रस्ताही तिनं बघून घेतला.

“आता ऐकून बघू,” औषधवाली म्हणाली. “दहातल्या तिघांना डोळ्यांनी जमत नाही. त्यांचा फोन वाचतो, ते ऐकतात. आहे का कुणाकडे तसा फोन?”

“आमच्या बाबांकडे आहे,” थोरली म्हणाली. इतक्या पटकन, की धाकटीनं मान वळवली. थोरली सासऱ्यांना कोपराला धरून घेऊन आली. कानातला बोळा काढलेला, आवाज मोठा केलेला, आणि पान आधीच उघडलेलं.

फोनमधली बाई बोलू लागली. ना राग, ना लोभ, नळाखाली ठेवलेली बादली भरावी तसा आवाज.

सकाळी एक गोळी, जेवणानंतर. सकाळी एक गोळी, जेवणानंतर. रात्री अर्धी गोळी. रात्री अर्धी गोळी.

धाकटीला तेव्हा कळलं. डोळ्याला डावी-उजवी असते, कडा असते. आवाजाला कुठली कड? त्या बाईसाठी स्क्रीन नव्हतीच. जे होतं ते सगळं ती वाचत होती, खरी चौकट आणि तिची सावली, एकामागून एक, सारख्याच मानानं. दहा हजार पिक्सेल म्हणजे तिला एक श्वासही नव्हता. आणि तळाशी काय आहे ते आठवून धाकटीनं हात पुढे केला, पण फोन सासऱ्यांच्या हातात होता आणि त्यांची मूठ घट्ट होती.

जाऊबाईची गं जीभ, सुरी धार लावलेली, भाजी राहिली चिरायची, माणसं कापून झाली.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. एकवर होता.

“ते घरचं. ते तुमचं तुम्ही निस्तरा,” औषधवाली म्हणाली. ती सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुम्ही सांगा. सकाळी किती गोळ्या घ्यायच्या?”

“ऐकल्या तर दोन,” सासरे म्हणाले.

थोरलीचा अंगठा मघापासून बोटांच्या पेरांवर चालत होता. तो थांबला. “तिसऱ्या चरणात आठाची नऊ अक्षरं झालीत,” ती धाकटीला म्हणाली. सहा महिन्यांत तिनं टपालावाचून बोललेलं ते पहिलं वाक्य. “‘भाजी चिरायची राहे’ केलं असतंस तर बसलं असतं. जगाची मापं काढतेस ना?”

“तुम्हाला माहीत होतं.”

“तीन आठवडे. बाबांचा फोन मी लावते.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस?” थोरलीचा आवाज चढला नाही, खाली गेला, आणि तो जास्त वाईट होता. “आणि माझ्या वाक्यातलं ‘घेऊ नका’ गळून पडतंय, ते तुझ्या नजरेला आलं नव्हतं? तू, पिक्सेल पिक्सेल वेचणारी?”

धाकटीकडे उत्तर होतं, पण ते खोटं होतं आणि समोर परकी बाई होती. तिनं ते सोडून दिलं आणि तोंड सासऱ्यांकडे फिरवलं. “तुम्हीही रोज ऐकत होता, बाबा. तुम्ही तरी बोलायचं.”

सासऱ्यांनी फोन पोटाशी धरला. ते म्हणाले की डोळे गेले तेव्हापासून मी खोलीत आलो की घर गप्प होतं. चमचेसुद्धा वाजत नाहीत. काय चाललंय विचारलं की म्हणतात, काही नाही बाबा. दोन वर्षं मी ‘काही नाही’मध्ये राहतोय. ते एक पान होतं जे मला काही तरी सांगायचं. कोण कुणाला काय म्हणतंय, आज पारा किती आहे. ते बंद पडलं असतं.

मग म्हणाले, “गोळ्या दोनदा वाचते, ते मला कळलं होतं. मी त्याकडे कान दिला नाही.”

औषधवालीनं खोलीवरून नजर फिरवली. मग ती खिडकीशी गेली, सासऱ्यांचं स्टूल पायानं ओढलं आणि त्यावर चढून बसली. दोन वर्षं पुसलेल्या स्टुलावर, एका हिसक्यात. दोघी सुना बघत राहिल्या.

“एकमेकींच्या चुका तोंडपाठ,” ती म्हणाली, “आणि मधल्या मध्ये माझी म्हातारी मरते. कुठल्या पानाला हो म्हणू? मला दोन पानं नकोतच. एक द्या. धड द्या. ते मिळेपर्यंत मी इथून उठत नाही, आणि माझ्या खिडकीशी रांग लागली असेल ती तुमच्या नावानं बोटं मोडेल.”

मग त्या खोलीत प्रथमच दोघी एका टेबलाशी आल्या. मनं जुळली म्हणून नव्हे, धाकटीच्या पानाला थोरलीची एक खूण हवी होती म्हणून. थोरलीनं विचारलं नाही, तिचा कीबोर्ड आपल्याकडे ओढला, आणि प्रत्येक सावलीच्या कपाळावर एक छोटी खूण लिहिली. वाचणाऱ्या बाईसाठीची खूण: इथे कुणी नाही, पुढे जा. धाकटीनं तिचं कोपर आपल्या बरगडीला टेकलेलं सोसलं. खूण कुठे लिहायची, कशी लिहायची, तिनं डोळ्यांनी पिऊन घेतलं. थोरलीला ते कळलं आणि तिनं मुद्दाम वेगानं लिहिलं. धाकटी म्हणाली, औषधांच्या नावांना राहिली. थोरली म्हणाली, दिसतंय मला. राहिलेली होती.

सासऱ्यांनी पुन्हा ऐकलं. सकाळी एक गोळी, जेवणानंतर. रात्री अर्धी गोळी. तळाशी काहीच नाही. औषधवालीनं विचारलं, सकाळी किती? सासरे म्हणाले, एक. पण त्यांचा अंगठा फोनवर खाली खाली सरकत राहिला, पान संपलं तरी.

औषधवाली स्टुलावरून उतरली. दारात जाताना म्हणाली की पुढची पानंही इथूनच घेईन, पण एका अटीवर. प्रत्येक पान आधी यांनी ऐकायचं. हे हो म्हणाले तर पाठवा. आणि यांना बसायला ते स्टूल द्या, उंच आहे, पाठ ताठ राहते.

तर असा निकाल लागला. खिडकीत आंधळा माणूस बसला. ज्या उजेडासाठी दोघी रोज फडकं मारत होत्या, तो आता सासऱ्यांच्या पांढऱ्या डोळ्यांवर पडून फुकट जायचा. धाकटीला खोली सोडावी लागली नाही. थोरलीलाही तिचं ऐकावं लागलं नाही. खुर्च्या पाठीला पाठ लावून तशाच राहिल्या, त्यांचे धक्के तसेच. दिराचा टपालखात्यातला हुद्दा कायम राहिला.

दहाएक दिवसांनी धाकटीच्या एका नव्या पानाला फॉन्ट आलेला कळेना. तिनं तळाची ओळ मोजली. सहाशे बारा यायला हवे होते. आले पाचशे अठ्ठ्याण्णव. तिनं पुन्हा मोजली. पाचशे अठ्ठ्याण्णव. चौदा पिक्सेल कुठे गेले म्हणून तिनं डावीकडे दहा हजारावर जाऊन सावली उघडली. तिची ओवी तिथे नव्हती. त्या दिवशी कीबोर्ड ओढून घेतलेल्या थोरलीनं खुणांखेरीज आणखी एक गोष्ट लिहिली होती, आणि ती फाइल तेव्हापासून प्रत्येक पानात जात होती.

थोरली बाजारात गेलेली होती. खिडकीतून सासरे म्हणाले, “तुझं टंकणं थांबलं. काय झालं?”

“काही नाही, बाबा.”

 त्यांनी तोंड पुन्हा रस्त्याकडे केलं, जिथे त्यांना काही दिसत नव्हतं. धाकटीनं त्यांच्या पाठीकडे पाहिलं. खूण लावल्यापासून फोनमधली बाई ते टोक ओलांडून पुढे जात होती. कपाळावर ‘इथे कुणी नाही’ लिहिलेलं होतं ना.

“जाऊबाईंनी माझ्यावर रचलीय,” ती म्हणाली. “तळाच्या ओळीत.”

पाठ वळली. “वाच.”

ती बदलून वाचू शकली असती. तिनं जशी होती तशी वाचली, सपाट, फोनमधल्या बाईसारखी:

“धाकटीच्या हाती फीत, साऱ्या जगाला मापते,
स्वतःभोवती घेताना, फीत अपुरी पडते.”

सासरे हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग स्टुलाचा पाय फरशीवर वाजेपर्यंत. त्या घरात तसं हसणं तिनं ऐकलं नव्हतं.

“पुन्हा म्हण.”

“एकदाच,” धाकटी म्हणाली. “जेवणानंतर.”

ते आणखी हसले. ती स्क्रीनकडे वळली आणि टेबलाखाली हात नेऊन पेरांवर अंगठा चालवू लागली. आठ. आठ. आठ. आठ. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एक अक्षर कमी नव्हतं, एक जास्त नव्हतं, आणि तिला थोरलीचा इतका राग कधीच आला नव्हता. तिनं ओळ पुसली नाही. सहाशे बारा खोडून तिथे पाचशे अठ्ठ्याण्णव लिहिलं.